छप्पन्न दिवसांचा पडदा

'छावा' हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी चित्रपटगृहांत झळकला आणि ११ एप्रिल रोजी तो नेटफ्लिक्सवर आला. मधले दिवस मोजले तर ते बरोबर छप्पन्न भरतात. 'लापता लेडीज' १ मार्च २०२४ रोजी पडद्यावर आला आणि २६ एप्रिलला घरोघरी पोहोचला, पुन्हा छप्पन्नच. हा पंचांगाचा योगायोग नव्हे. निर्माते, मल्टिप्लेक्सच्या साखळ्या आणि स्ट्रीमिंग कंपन्या यांच्यातील करारात हा आकडा बसलेला आहे. आठ आठवडे चित्रपटगृहाचे आणि त्यानंतर घराचे, अशी ही वाटणी आहे. व्यवसायात तिला 'विंडो' म्हणतात. मराठीत तिला मुदत म्हणू या. कारण प्रत्यक्षात तो मुदतीचाच करार असतो.

नवा चित्रपट घरी पाहावा की चित्रपटगृहात, ही चर्चा आपल्याकडे बहुधा आवडीनिवडीच्या अंगाने होते. एकाला मोठा पडदा हवा असतो, दुसऱ्याला आपली खुर्ची. पुण्या-मुंबईत ती तशी होणे स्वाभाविकही आहे, कारण तिथे दोन्ही पर्याय हाताशी असतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांच्या पट्ट्यात असलेल्या यावलमध्ये हा प्रश्न आधी अंतराचा होतो. भुसावळ वीस किलोमीटरच्या आसपास आणि जळगाव चाळीस-पंचेचाळीस. चौघांच्या कुटुंबाने जळगावला जाऊन मल्टिप्लेक्समध्ये चित्रपट पाहायचा म्हटले, तर जाण्या-येण्याचे भाडे किंवा पेट्रोल, चार तिकिटे आणि मुलांचे मध्यंतरातले खाणे मिळून हजार रुपये पुरतीलच असे नाही. शिवाय संपूर्ण दिवस जातो. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये मोबाइलपुरती मासिक वर्गणी १९९ रुपयांवरून १४९ रुपयांवर आणली. गणित कोणालाही कळेल असे आहे. तरीही 'छावा'च्या वेळी खेड्यापाड्यांतून गाड्या भरून लोक चित्रपटगृहांत गेले. का गेले, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते, आणि त्यासाठी यावलहून फार लांब जाण्याची गरज नाही. भुसावळपर्यंत गेले तरी पुरे.

भुसावळचा चित्रपट-नकाशा

भुसावळ म्हटले की सर्वसामान्य माणसाला रेल्वेचे जंक्शन आठवते, केळी आठवतात आणि मे महिन्यातला पंचेचाळीस अंशांचा पारा आठवतो. चित्रपट वितरकाला मात्र आणखी एक गोष्ट आठवते. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन या वितरक व चित्रपटगृह-मालकांच्या संघटनेचे नाव भुसावळशी जोडलेले आहे. हिंदी चित्रपटांच्या धंद्याने देशाची वाटणी जिल्हे-राज्यांप्रमाणे न करता 'सर्किट'प्रमाणे केली. त्यांतील सी. पी. बेरार, सी. आय. म्हणजे सेंट्रल इंडिया, आणि राजस्थान ही तीन सर्किटे या संघटनेच्या कक्षेत येतात. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा प्रांत नकाशावरून जाऊन सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला, पण चित्रपटांच्या जमाखर्चात 'सी. पी. बेरार' अजून जिवंत आहे. ब्रिटिश अमदानीत पूर्व खानदेश मुंबई इलाख्यात असला, तरी व्यापारी पत्रकांत जळगावचा गल्ला नागपूर, अमरावती, अकोल्याच्या ओळीत लिहिला जात असे.

भुसावळसारख्या ठिकाणी अशी संघटना असावी, यात आश्चर्य वाटण्यासारखे फारसे काही नाही. चित्रपट त्या काळी आगगाडीने प्रवास करीत. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे पंधरा-सोळा रिळे. ती पत्र्याच्या पेट्यांत भरून एका गावाहून दुसऱ्या गावाला पाठवायची. मुंबई-नागपूर-कोलकाता आणि मुंबई-इटारसी-दिल्ली हे दोन्ही लोहमार्ग जिथे फुटतात, ते ठिकाण या धंद्याला सोयीचेच होते.

या पेट्यांच्या हिशेबातच लहान गावांचे नशीब बांधलेले होते. एका प्रिंटला पन्नास-साठ हजार रुपये खर्च येई. त्यामुळे प्रिंट मोजक्या काढल्या जात. आधी मुंबई, नागपूर, इंदूर अशी मोठी केंद्रे; तिथला गल्ला ओसरला की जिल्ह्याचे ठिकाण; आणि त्यानंतर तालुका. तोवर रिळांवर ओरखडे पडलेले असत, काही ठिकाणी फिल्म तुटून जोडलेली असे आणि एखादे गाणे कापले गेलेले असे. एकाच गावातील दोन टॉकीज एकच प्रिंट वापरीत. पहिल्या टॉकीजमधले रीळ संपले की पोऱ्या ते सायकलवर टाकून दुसऱ्या टॉकीजकडे पळवी. त्याची सायकल पंक्चर झाली, तर तिकडे मध्यंतर लांबे. जत्रा-यात्रांत फिरणाऱ्या तंबूंच्या वाट्याला आणखी उशिरा आणि आणखी झिजलेली प्रिंट येत असे. महाराष्ट्रातील फिरत्या तंबूंच्या अखेरच्या काळाचे चित्रण शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटात केले. २०१६ साली तो कान महोत्सवात दाखवला गेला होता.

सांगायचा मुद्दा असा, की 'नवा चित्रपट' ही संकल्पनाच लहान गावांत वेगळी होती. मुंबईत जुना झालेला चित्रपट इथे नवा म्हणून लागे आणि लोकही तो नवा म्हणूनच पाहत. मुदत तेव्हाही होती. फक्त ती चित्रपटगृह आणि घर यांच्यात नव्हती. ती मोठे शहर आणि लहान गाव यांच्यात होती, आणि ती कोणत्याही करारात लिहिलेली नव्हती.

उपग्रह आधी, फोन नंतर

ही रांग मोडली ती स्ट्रीमिंगने नव्हे. २००५ पासून यूएफओ मूव्हीजसारख्या कंपन्यांनी चित्रपट उपग्रहाद्वारे थेट चित्रपटगृहातील सर्व्हरवर उतरवण्यास सुरुवात केली. प्रिंटचा खर्च संपला, पेट्या संपल्या, सायकलवरचा पोऱ्याही संपला. तालुक्याच्या ठिकाणचे, पत्र्याचे छप्पर असलेले एकपडदा चित्रपटगृहही मुंबईच्या बरोबरीने शुक्रवारी सकाळी नवा चित्रपट दाखवू लागले. मल्टिप्लेक्सच्या झगमगाटात या क्रांतीची नोंद फारशी कोणी घेतली नाही. पण लहान गावातील प्रेक्षकाला पहिल्या दिवसाचा मान प्रथम मिळाला, तो त्या वेळी. दुर्दैव असे, की हा मान मिळाला तेव्हा यांतील अनेक चित्रपटगृहांची अवस्था तो पेलण्यासारखी उरली नव्हती. खुर्च्या फाटलेल्या, प्रोजेक्टरचा दिवा जुना होऊन पडदा अंधारलेला, आणि स्वच्छतागृहांविषयी न बोललेलेच बरे. बायकांनी टॉकीजकडे पाठ फिरवली, त्याचे एक मोठे कारण हे शेवटचे आहे आणि त्याचा उल्लेख व्यवसायाच्या परिषदांत क्वचितच होतो.

घरी चित्रपट पाहण्याची सवय तर त्याहून जुनी आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली, पाठोपाठ व्हिडिओ आला. भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभर तीन-तीन चित्रपट पाहणारी पिढी आज पन्नाशी-साठीत आहे. व्हिडिओ पार्लरांनी त्या दशकात टॉकीजचे कंबरडे मोडले. याच काळातील अनुभवाने शहाण्या झालेल्या राजश्री प्रॉडक्शन्सने १९९४ साली 'हम आपके हैं कौन' प्रदर्शित करताना त्याची व्हिडिओ कॅसेट बाजारात येऊ दिली नाही. सुरुवातीला प्रिंटही मोजक्याच काढल्या. कुटुंबेच्या कुटुंबे चित्रपटगृहांत परतली. चित्रपट घरगुती होता, गाणी होती, हे खरेच; पण तो घरी पाहण्याची सोय नव्हती, हेही तितकेच खरे. आजच्या छप्पन्न दिवसांच्या युक्तिवादाचे मूळ तिथे सापडते.

पुढे केबलवाल्याने शनिवारी रात्री लावलेली चोरटी सीडी आली, २००६-०७ च्या सुमारास मोझर बेअरने तीस-पस्तीस रुपयांत अधिकृत सीडी-डीव्हीडी विकून पाहिली, आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले. स्वस्त डेटामुळे काय झाले, हे सांगण्याची आवश्यकता नाही. यावलच्या बसस्थानकावर एसटीची वाट पाहणाऱ्यांच्या हातांकडे पाहिले तरी ते कळते.

मुदत कोण ठरवतो?

करोनाने हा सगळा डाव उलथवला. मार्च २०२० मध्ये चित्रपटगृहे बंद झाली. १२ जून २०२० रोजी 'गुलाबो सिताबो' थेट प्राइम व्हिडिओवर आला. अमिताभ बच्चन यांच्यासारख्या नटाचा चित्रपट पडद्याला वळसा घालून घरी आल्याने मल्टिप्लेक्सवाल्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. महाराष्ट्रात चित्रपटगृहे ५ नोव्हेंबर २०२० रोजी निम्म्या क्षमतेने उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि अखेर २२ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाली. एवढ्या काळात प्रेक्षकाला घरची सवय लागली आणि मुदत चार आठवड्यांवर घसरली. ऑगस्ट २०२२ पासून हिंदी चित्रपटांसाठी मल्टिप्लेक्स साखळ्यांनी ती पुन्हा आठ आठवड्यांवर नेली. दक्षिणेत चार आठवड्यांचाच प्रघात राहिला. त्यातून गमतीदार प्रसंग उद्भवतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला विजयचा 'लिओ' चार आठवड्यांच्या कराराने बांधलेला असल्यामुळे त्याची हिंदी आवृत्ती राष्ट्रीय मल्टिप्लेक्स साखळ्यांनी लावली नाही. ती लागली एकपडदा चित्रपटगृहांत. म्हणजे एखाद्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये जे मिळत होते, ते मुंबईच्या मॉलमध्ये मिळत नव्हते. रांगेच्या इतिहासात असे क्वचितच घडले असेल.

आठ आठवडे हा कायदा आहे का? नाही. सिनेमॅटोग्राफ कायद्यात अशी कोणतीही तरतूद नाही. २०२३ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली, ती प्रामुख्याने चोरट्या चित्रीकरणाविरुद्ध होती. त्यासाठी किमान तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये ते निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठेवण्यात आला. मुदत हा दोन पक्षांमधील कराराचा भाग आहे. इथे भुसावळचा पुन्हा संबंध येतो. चित्रपट दूरचित्रवाणीवर, व्हिडिओवर किंवा डीटीएचवर किती काळ द्यायचा नाही, याचे नियम पूर्वी देशभरातील वितरकांच्या संघटना आपापल्या सर्किटसाठी ठरवीत. जो निर्माता ऐकणार नाही, त्याच्यावर बहिष्काराची टांगती तलवार असे. काही निर्मिती कंपन्यांनी त्याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. २०१२ च्या सुरुवातीला आयोगाने अशा अनेक संघटनांना दोषी ठरवून दंड केला. त्यांत सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचाही समावेश होता. एका चित्रपटगृहाने एका निर्मात्याशी मुदतीचा करार करणे वेगळे आणि सगळ्यांनी संघटना करून तो लादणे वेगळे, असा त्यामागचा विचार.

यातला पहिला भाग किती पक्का आहे, हे मे २०२५ मध्ये दिसले. 'भूल चूक माफ' हा चित्रपट ९ मे रोजी चित्रपटगृहांत येणार होता. भारत-पाकिस्तान तणावाच्या त्या दिवसांत निर्मात्यांनी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तो रद्द केला आणि १६ मे रोजी थेट प्राइम व्हिडिओवर आणण्याचे जाहीर केले. पीव्हीआर आयनॉक्सने ६० कोटी रुपयांच्या दाव्यासह मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. करार झालेला आहे, जाहिरात झालेली आहे, तिकिटे विकली गेली आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने स्ट्रीमिंगला तूर्त मनाई केली. अखेर तडजोड होऊन चित्रपट २३ मे रोजी चित्रपटगृहांत आला आणि दोनच आठवड्यांनी, ६ जूनला, प्राइमवर गेला. म्हणजे आठ आठवडे हे आकाशातून पडलेले नाहीत. गरज पडली की ते दोनही होतात. जो पक्ष बळकट, तो आकडा ठरवतो.

प्रेक्षकाला या वाटाघाटीत स्थान नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. चित्रपटगृहाजवळ राहणाऱ्याला छप्पन्न दिवसांनी काही फरक पडत नाही. ज्याच्या तालुक्यात पाहण्याजोगे चित्रपटगृह नाही, जो वयाने थकलेला आहे, जिला लहान मूल आहे किंवा ज्याच्या केळीच्या कापणीला मजूर त्याच आठवड्यात मिळाले आहेत, त्याला मात्र ते दिवस मोजावे लागतात. मधल्या काळात तो काय करतो? कोणीतरी पाठवलेली टेलिग्रामची चोरटी जोडणी उघडतो. मुदत लांबली की चोरी वाढते, हा युक्तिवाद म्हणूनच हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही तितकाच वजनदार आहे. मुदत तोकडी केली तर 'थोडे थांबू या' म्हणणाऱ्यांची संख्या वाढते आणि त्याचा पहिला फटका मुंबईच्या मॉलला बसत नाही; तो तालुक्याच्या टॉकीजला बसतो. मॉलमधल्या चित्रपटगृहाला पॉपकॉर्न आहे, जाहिराती आहेत, एका पडद्याचा तोटा दुसऱ्यावर भरून निघतो. एकपडदा चित्रपटगृहाकडे एक पडदा आणि एक शुक्रवार एवढेच असते.

अर्थात मुदत हेच सर्वस्व, असेही नाही. 'पुष्पा'चा पहिला भाग १७ डिसेंबर २०२१ रोजी आला आणि १४ जानेवारी २०२२ रोजी त्याची हिंदी आवृत्ती प्राइमवर उपलब्ध झाली. तरीही त्यानंतर हिंदी 'पुष्पा' चित्रपटगृहांत चालतच राहिला. ज्यांना शिट्ट्या मारायच्या होत्या, त्यांना घरी बसून त्या मारता येत नव्हत्या. याउलट 'लापता लेडीज' चित्रपटगृहांत बेताचाच चालला, पण नेटफ्लिक्सवर आल्यावर घरोघरी त्याची चर्चा झाली. घुंघटामुळे नवऱ्या मुलीची अदलाबदल होणारी ती कथा लहान गावाचीच होती, आणि लहान गावाने ती पाहिली घरी. त्या वर्षी ऑस्करसाठी भारताकडून तीच निवडली गेली.

मराठीचे काय?

मराठी चित्रपटाच्या बाबतीत हे गणित आणखी अवघड आहे. 'पिकासो' हा मराठी चित्रपट मार्च २०२१ मध्ये थेट प्राइमवर आला, पाठोपाठ एप्रिलमध्ये चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' नेटफ्लिक्सवर आला. व्हेनिसच्या महोत्सवात २०२० साली पटकथेचा पुरस्कार मिळवलेला, शास्त्रीय संगीताच्या साधनेवरचा हा संथ चित्रपट यावलच्या काय, जळगावच्याही पडद्यावर आठवडाभर टिकला असता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ज्याला तो पाहायचा होता, त्याला तो सांगवीत बसूनही पाहता आला. सांगवी हे यावल तालुक्यातले गाव भालचंद्र नेमाडे यांचे जन्मगाव. तिथला विशीतला एखादा वाचणारा मुलगा पूर्वी असा चित्रपट पाहण्यासाठी पुण्याच्या फिल्म सोसायटीची वाट पाहत बसला असता. स्ट्रीमिंगचा खरा उपकार हा आहे आणि तो मोठ्या पडद्याच्या भक्तांनी मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे.

पण दोन वर्षांच्या टाळेबंदीनंतर मराठी चित्रपटाला उभे केले ते चित्रपटगृहांनी. 'झिम्मा' १९ नोव्हेंबर २०२१ रोजी आला. ३० जून २०२३ रोजी 'बाईपण भारी देवा' आला आणि बायकांचे घोळकेच्या घोळके, कुठे नऊवारी नेसून, कुठे भिशीच्या गटाने, चित्रपटगृहांत लोटले. हा चित्रपट घरी पाहता आला असता. परंतु घरी पाहायचा म्हणजे कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, कोणाचा तरी चहा करताना, अर्धवट पाहायचा. चित्रपटगृहात तीन तास कोणी हाक मारीत नाही. स्ट्रीमिंगचे समर्थक घराच्या आरामाविषयी बोलतात, तेव्हा तो आराम घरात नेमका कोणाला मिळतो, हे विचारायला हवे.

आता चित्रपटगृह नको, थेट स्ट्रीमिंगला विकू, असे मराठी निर्मात्याने म्हणायचे ठरवले तरी ते सोपे राहिलेले नाही. टाळेबंदीच्या काळात कंपन्या चित्रपट घाऊक विकत घेत होत्या. त्या आता आधी तिकीटबारीवरचा आकडा विचारतात. पडद्यावर चालला नाही तर घरासाठीही भाव नाही. त्यामुळे चित्रपटगृह मिळवण्याची मराठीची धडपड संपलेली नाही, उलट तीव्र झाली आहे. त्यातच वस्तू आणि सेवा करापूर्वी मराठी चित्रपटांना करमणूक करात जी सूट होती, ती २०१७ मध्ये संपली. सप्टेंबर २०२५ मध्ये शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला; त्यावरच्या तिकिटाला १८ टक्केच राहिला. मल्टिप्लेक्सच्या प्रेक्षकाला याचा फारसा लाभ नाही. शंभराच्या आत तिकीट असते ते तालुक्याच्या टॉकीजमध्ये, आणि तिथल्या मालकाला हे सात टक्के म्हणजे खुर्च्यांचे रेक्झिन.

चित्र आणि आवाजाविषयी थोडक्यात. चित्रपटगृहात डिजिटल सिनेमाच्या प्रमाणित फाइलमधून सेकंदाला अडीचशे मेगाबिटपर्यंत माहिती पडद्यावर जाऊ शकते. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी पाच मेगाबिटचा वेग पुरेसा मानते. फरक उघड आहे. पण हा फरक चांगल्या प्रोजेक्टरवर आणि चांगल्या ध्वनियंत्रणेवर दिसतो. मंद दिव्याच्या, एका बाजूचा स्पीकर खरखरणाऱ्या टॉकीजपेक्षा घरचा त्रेचाळीस इंची टीव्ही उजवा ठरतो. सहा इंची मोबाइलविषयी मात्र काही न बोलणे बरे. 'छावा'तील स्वारी त्यावर पाहणे म्हणजे भिंगातून मुंग्यांची लढाई पाहणे.

त्या स्वारीवरून आठवले. 'छावा'च्या सुरुवातीला मराठ्यांचा बुऱ्हाणपूरवरचा हल्ला आहे. १६८१ ची ही घटना. बुऱ्हाणपूर म्हणजे खानदेशाचे जुने राजधानीचे शहर. यावलकराला रावेर ओलांडले की पलीकडेच. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी रात्रीच्या वेळी बॅटऱ्या आणि धातूशोधक यंत्रे घेऊन लोक शेते खणू लागले. मोगलांचे सोने तिथे पुरलेले आहे, असा त्यांचा समज. महामार्गाच्या कामात निघालेल्या मातीत नाणी सापडल्याची कुजबुज आधीपासून होती, परंतु गर्दी लोटली ती चित्रपटानंतर, अशा बातम्या आल्या आणि पोलिसांना तिथे जावे लागले. चित्रपट नेटफ्लिक्सवर यायला तेव्हा महिनाभर अवकाश होता. अफवेलाही मोठा पडदा लागतो की काय, असा विनोद करण्याचा मोह होतो. निदान एवढे खरे, की चारशे माणसांनी एकाच अंधारात एकच दृश्य पाहिले की बाहेर पडल्यावर सगळे एकाच गोष्टीविषयी बोलतात. घरोघरी, वेगवेगळ्या रात्री, थांबत थांबत पाहिलेल्या चित्रपटाला हे बळ येत नाही.

या बळाला दुसरी बाजूही आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मालेगावच्या मोहन चित्रपटगृहात 'टायगर ३' चालू असताना प्रेक्षकांनी आतच फटाके आणि रॉकेट उडवले. लोक जीव वाचवण्यासाठी खुर्च्यांवरून पळत असल्याची दृश्ये देशभर दाखवली गेली. याच मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. यंत्रमाग कामगारांच्या गावाने आपला चित्रपट आपणच बनवला आणि व्हिडिओच्या पडद्यावर तिकीट लावून पाहिला. त्या धडपडीवर फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि रीमा कागती यांनी 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट. तो २८ फेब्रुवारी २०२५ रोजी चित्रपटगृहांत आला, फारसा चालला नाही, आणि २५ एप्रिलला प्राइमवर गेला. इथेही छप्पन्न दिवस. मालेगावच्या त्या परंपरेची आजची पिढी तर पडद्याच्या वाटेला जातही नाही. छोटू दादाच्या विनोदी चित्रफिती थेट यूट्यूबवर येतात आणि खानदेशाच्या बाहेरही प्रचंड प्रमाणात पाहिल्या जातात. अहिराणी गाण्यांचेही तेच. त्यांना कोणाकडे मुदत मागावी लागत नाही.

मधला एक मार्ग आमिर खान यांनी काढून पाहिला. 'सितारे जमीन पर' २० जून २०२५ रोजी चित्रपटगृहांत आणल्यावर त्यांनी तो कोणत्याही वर्गणीच्या मंचाला न विकता १ ऑगस्टपासून यूट्यूबवर शंभर रुपये भाड्याने उपलब्ध केला. वर्गणी नको, वर्षभराचा करार नको. पाहायचा तेवढ्याचे पैसे द्या आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहा. दूरच्या तालुक्यातील कुटुंबाचा विचार केला तर तिकिटाच्या जवळ जाणारी ही व्यवस्था आहे. अंतर फक्त सहा आठवड्यांचे होते. कमल हासन यांनी २०१३ साली 'विश्वरूपम' चित्रपटगृहांच्या आदल्या दिवशी डीटीएचवर दाखवण्याचा बेत केला, तेव्हा तमिळनाडूतील चित्रपटगृह-मालकांनी एवढा विरोध केला, की तो बेत त्यांना गुंडाळावा लागला. बारा वर्षांनी शंभर रुपयांच्या भाड्याला तसा विरोध झाला नाही. दरम्यान, जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओने आपल्या भारतीय प्रेक्षकांना चित्रपटाच्या मध्ये जाहिराती दाखवण्यास सुरुवात केली आहे. त्या नको असतील तर वेगळे पैसे भरावे लागतात. मध्यंतर घरीही आले आहे. फक्त त्यात गरम वडा मिळत नाही.